मधोमध तो पांढरा डाग येतो कुठून? इन्फ्रारेड आणि वाइड लेन्स : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उपवन तलावाचा एक इन्फ्रारेड फोटो दिला होता, काठावरची झाडं पांढरीशुभ्र, पाणी काळंभोर आणि मागे येऊरचा डोंगर दूध सांडल्यासारखा. तेव्हापासून मेल यायला लागल्या त्या अजून थांबलेल्या नाहीत, आणि गंमत म्हणजे दहातल्या सात जणांचा प्रश्न एकच, यासाठी वाइड लेन्स (एकाच फोटोत रुंद दृश्य मावणारी) कुठली घेऊ. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. त्याच्या पलीकडचा इन्फ्रारेड आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याच्या सेन्सरला १००० च्या आसपासपर्यंत दिसतो, फक्त साधे फोटो बिघडू नयेत म्हणून सेन्सरपुढे तो अडवणारी एक काच बसवलेली असते. ही काच काढून तिच्या जागी फक्त इन्फ्रारेड सोडणारी काच बसवली की कॅमेरा ‘कन्व्हर्ट’ झाला. आणि कॅमेरा न उघडता लेन्सपुढे काळा दिसणारा फिल्टर लावूनही हे जमतं, त्याला वेळ मात्र लागतो. काचेचा किंवा फिल्टरचा आकडा, ७२० नाहीतर ८५०, म्हणजे ती साधारण कुठून पुढचा प्रकाश आत सोडते तो. लेन्सचे १०-१८, १८-५५ हे आकडे मिलिमीटरमधे, आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. आणि एफ/ पुढचा आकडा लेन्सच्या छिद्राचा म्हणजे अपर्चरचा, तो जितका मोठा तितकं छिद्र लहान. आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कळव्याला राहतो, आयटीत आहे, सुट्टीच्या दिवशी येऊर नाहीतर पारसिक हिलला कॅमेरा घेऊन जातो. माझा जुना कॅनन ७००डी घरात पडून होता तो ७२० नॅनोमीटरला कन्व्हर्ट करून घेतलाय, सध्या त्याच्यावर किटची, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली, १८-५५ लावतोय पण डोंगर आणि आकाश एकत्र घ्यायला ती कमी पडते. बजेट पंधरा-सोळा हजार, म्हणजे सेकंडहँडच. एका दुकानदाराने सांगितलं महागातली घ्या, एफ/२.८ वाली, इन्फ्रारेडला पण तीच चांगली. मित्र म्हणतो १०-१८ घे, दुसरा म्हणतो जुनी १०-२२. खरंच महाग लेन्स इन्फ्रारेडला जास्त चांगली असते का?

नाही. आणि हे मी अनुभवाने सांगतेय म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन-चार वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीची महागडी वाइड झूम दोन दिवसांसाठी मागून आणली होती, साध्या फोटोंना ती लेन्स म्हणजे सोनं, कोपऱ्यातलं पानसुद्धा धारदार. ऑक्टोबर महिना होता, ऊन कडक, उपवनला सकाळी साडेदहाला पोचले आणि एफ/११ ला तीस-चाळीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर प्रत्येक फोटोत बरोब्बर मधोमध, काळ्या पाण्यावर, एक गोल फिकट डाग, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा, कडा मऊ पण डाग स्पष्ट. आधी वाटलं लेन्सवर बोट लागलं असेल, म्हणून पुसून परत काढले, डाग तिथेच. मग एफ/५.६ ला काढून बघितलं तर डाग पसरून इतका पातळ झाला की शोधावा लागत होता, आणि एफ/१६ ला तो लहान आणि आणखी उजळ झाला. पुढच्या रविवारी त्याच जागी उभं राहून साधी किट लेन्स लावली, एफ/८ ला डागाचा मागमूस नाही. त्या दिवशी मला कळलं की दिसणाऱ्या प्रकाशातला लेन्सचा मोठेपणा इन्फ्रारेडमधे चालत नाही.

या डागाला हॉटस्पॉट म्हणतात. तो का येतो ते समजून घेतलंत तर दुकानात कुणी काहीही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. रात्री लोकलच्या खिडकीत बाहेरचं दिसायच्या ऐवजी आपलाच चेहरा दिसतो ना, तसंच लेन्समधल्या प्रत्येक काचेवरून थोडा प्रकाश मागे परततो. हे परतणं कमी करायला काचेवर कोटिंगचे थर देतात, पण ते थर ४०० ते ७०० साठी जुळवलेले असतात, ७२० च्या पुढे त्यांचा जोर ओसरतो. त्यात सेन्सर स्वतः चकचकीत, त्याच्यावर पडलेला प्रकाश मागच्या काचेवर जातो आणि परत सेन्सरवर येतो. शिवाय लेन्सच्या नळीत आतून लावलेला काळा रंग आपल्याला काळा दिसतो पण इन्फ्रारेडमधे तो काळा असेलच असं नाही. हे सगळं मिळून फोटोच्या मध्यभागी साचतं आणि अपर्चरची पाकळी जसजशी बंद करत जाल तसा तो डाग लहान आणि घट्ट होत जातो. महागड्या वाइड झूममधे काचा जास्त, म्हणजे प्रकाश परतायला जागाही जास्त, त्यामुळे किंमत वाढली की डाग कमी होईल असा काही नियम नाही, आणि स्वस्तातली चांगलीच निघेल असाही नाही.

आता तुमच्या दोन लेन्स. कॅननची १०-२२ ही २००४ सालची जुनी लेन्स, इन्फ्रारेडवाल्यांमधे तिचं नाव बरीच वर्षं चांगलं आहे आणि तुमच्या बजेटमधे नीट वापरलेली मिळू शकते. १०-१८ एसटीएम हलकी आहे, हातात धरायला सोपी, तिच्यात स्टॅबिलायझेशनही (हात हलला तरी फोटो न हलवणारी सोय) आहे. वजन आणि बजेट बघून मी तुमच्या जागी आधी १०-१८ हातात घेऊन टेस्ट केली असती आणि तिच्यात डाग दिसला तर १०-२२ शोधली असती. दुकानदार म्हणतो ते २.८ तुम्हाला लागतंच कशाला? तुम्ही भर उन्हात डोंगर काढताय, एफ/५.६ आणि एफ/८ यांच्यामधेच राहणार आहात.

एफ/८ च्या पुढे जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते त्याला अजून एक कारण आहे. इन्फ्रारेडची तरंगलांबी जास्त म्हणून डिफ्रॅक्शन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरून फोटो मऊ पडणं, लवकर सुरू होतं. हिशोब सोपा आहे, हिरवा प्रकाश ५५० च्या आसपास आणि तुमचा कॅमेरा बघतोय साधारण ७२० ते ८५०, म्हणजे जवळपास दीडपट, म्हणून इन्फ्रारेडमधला एफ/८ हा साध्या फोटोतल्या एफ/११ सारखा वागतो. एफ/१६ ला एकीकडे फोटो मऊ पडतो आणि दुसरीकडे हॉटस्पॉट उजळतो. आणि वाइडला एवढं बंद करायची गरजच नसते, १० मिलिमीटरला एफ/८ लावून तीन-चार फुटांवर फोकस ठेवला तर पायाजवळच्या गवतापासून समोरच्या डोंगरापर्यंत सगळं नीट येतं.

दुकानात जाताना तुमची कन्व्हर्ट केलेली बॉडीच घेऊन जा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण तीच लेन्स एका बॉडीवर ठीक आणि दुसरीवर डागाळलेली असं होतं. सेन्सरपुढची काच आणि तिचं कोटिंग बदललं की उत्तर बदलतं. सीएसएमटीजवळ बोरा बाजारात जाणार असाल तर दुपारी बारा ते दोनमधे जा, ऊन वर असताना, आणि दुकानदाराला स्वच्छ सांगा की मला पाच मिनिटं बाहेर उन्हात फोटो काढायचेत, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. बाहेर उन्हातली एखादी साधी भिंत शोधा, पोस्टर वगैरे नसलेली. एकाच जागेवरून १० मिलिमीटरला एफ/५.६, ८, ११, १६ असे चार फोटो, मग झूम मधल्या आकड्यावर नेऊन तेच चार, मग १८ किंवा २२ ला तेच चार. झूम फिरवली की डाग येतो-जातो म्हणून फक्त एका टोकाला बघून समाधान मानू नका. यानंतर सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर राहील असे एक-दोन फोटो घ्या, कारण इन्फ्रारेडमधे फ्लेअर (सूर्याच्या उजेडाने फोटोत येणारे पट्टे आणि पांढुरकेपणा) जास्त येतो आणि वाइडच्या हूडचा उपयोग थोडाच असतो, त्यामुळे लेन्स इथे कशी वागते हे आधी कळलेलं बरं. फोटो मोबाईलवर घेऊन ब्लॅक अँड व्हाइट करा आणि कॉन्ट्रास्ट पार शेवटपर्यंत ओढा. डाग असेल तर तो तेव्हा लपत नाही. झाडाझुडपांच्या फोटोत मात्र तो सहज लपतो, त्यामुळे दुकानाबाहेरच्या झाडाचा फोटो काढून “छान आलाय” म्हणत पैसे देऊ नका.

फोकसचं एक. तुमची बॉडी डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेली, आहे, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना कॅमेरा दिसणाऱ्या प्रकाशावर फोकस करतो आणि फोटो इन्फ्रारेडमधे घेतो, दोघांची जागा एक नसते. लाइव्ह व्ह्यूमधे मात्र सेन्सरच फोकस ठरवतो, त्यामुळे प्रश्नच मिटतो. व्ह्यूफाइंडर सोडून लाइव्ह व्ह्यूची सवय लावून घ्या, लेन्स कुठलीही असो.

आणि किटची १८-५५ विकू नका. तिच्यात डाग येत नसेल तर ती इन्फ्रारेडसाठी तुमच्याकडची खात्रीची लेन्स आहे, १८ ला उभे तीन-चार फोटो जोडून पॅनोरमा केलात तर पारसिकवरून खाली दिसणारी खाडी आणि पलीकडचं ठाणं आरामात बसतं. नवीन लेन्स मनासारखी मिळेपर्यंत हा हिवाळा असाच काढा असं मला वाटतं.

प्रश्न : ताई मी खारघरला कॉलेजला आहे सेकंड इयर. मिररलेस आहे, किटची १६-५०, कन्व्हर्ट करायला पैसे नाहीत आणि घरचा एकच कॅमेरा असल्यामुळे आई-बाबा उघडू पण देणार नाहीत. फिल्टर लावून वाइड जमेल का? आणि फिल्टर कुठल्या साइजचा घेऊ?

जमेल, आणि कॅमेरा उघडू नकोस, घरच्यांचं बरोबर आहे, कन्व्हर्ट केला की वाढदिवसाचे साधे फोटोपण त्यातून येणार नाहीत.

आधी एक फुकटची टेस्ट कर. रात्री लाइट बंद करून टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धर आणि बटण दाबून स्क्रीनवर बघ. रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट-पांढरा लुकलुकताना ठळक दिसला तर तुझ्या कॅमेऱ्यातून बऱ्यापैकी इन्फ्रारेड आत येतोय. अगदी पुसट दिसला तर आतली काच कडक आहे, मग एकेका फोटोला अर्धा-एक मिनिट लागू शकतं. त्याने काम अडणार नाही पण धीर लागेल.

फिल्टर ७२० चा घे, होयाचा आर७२ हा त्यातला जुना आणि माहितीतला. ८५० च्या वाटेला आत्ता जाऊ नकोस, कन्व्हर्ट न केलेल्या कॅमेऱ्यात त्यातून फारच कमी प्रकाश येतो आणि रंगही मिळत नाहीत, फक्त काळं-पांढरं. साइज लेन्सच्या पुढच्या कड्यावर लिहिलेली असते, गोलावर तिरकी रेघ असलेल्या खुणेपुढचा आकडा. पण माझं ऐकशील तर त्या आकड्याचा फिल्टर घेऊच नकोस. ७७ चा घे आणि स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारं कडं) लाव. त्याची दोन कारणं. एक म्हणजे पुढे खरी वाइड लेन्स घेतलीस तर तिचा आकडा बहुतेक ६७, ७२ नाहीतर ७७ असेल आणि हाच फिल्टर चालेल. दुसरं म्हणजे वाइडला जाड कड्याचा फिल्टर लावला की फोटोचे कोपरे काळे होतात, फिल्टर लेन्सपेक्षा मोठा असला की कडा फ्रेमच्या बाहेर राहते. लेन्सवर आधीच यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून ठेव, एकावर एक चढवू नकोस.

ज्या वाइड लेन्सची पुढची काच फुग्यासारखी बाहेर आलेली असते, निकॉनची डीएसएलआरसाठीची १४-२४ २.८ आहे तशी, तिच्यावर स्क्रूचा फिल्टर बसतच नाही. ओएलएक्सवर अशी लेन्स स्वस्तात दिसली तरी तुझ्या कामाची नाही. कॅमेरा कन्व्हर्ट केलेला असेल तर चालते कारण मग फिल्टर आत सेन्सरपाशी असतो.

काढायची पद्धत अशी. सेंट्रल पार्कला जा, ऊन वर आलेलं असताना, दहा ते तीनमधे कधीही, साध्या फोटोला जे ऊन आपण टाळतो तेच इथे हवं. ट्रायपॉड लाव, आणि पहिलं काम, फिल्टर न लावता जे काढायचंय तिकडे बघत फ्रेम ठरव, फोकस कर, फोकस मॅन्युअलला टाक. आता फिल्टर चढव, हळू, रिंग हलू देऊ नकोस, हलत असेल तर चिकटपट्टीचा तुकडा लाव. एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, दहा सेकंदांपासून सुरुवात कर आणि हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, बघून वाढव-कमी कर. फोटो लालभडक दिसेल, घाबरू नकोस. उन्हातल्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतलास की पानं पांढरट आणि आकाश तपकिरी होईल, आणि रॉमधे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमधे) काढलंस तर घरी फोटोशॉपमधे लाल आणि निळ्या चॅनलची अदलाबदल करून आकाश निळं करता येतं.

दहा सेकंदांत वाऱ्याने पानं हलणारच. ते आवडत नसेल तर सकाळी वारा पडलेला असताना जा, आवडत असेल तर मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी जा, खारघरच्या डोंगरावर ढग सरकताना वीस सेकंदांचं एक्सपोजर काय सुंदर येतं ते एकदा काढूनच बघ. तुझ्या किट लेन्सला १६ वर हॉटस्पॉट आहे का हे वरच्या उत्तरातल्या भिंतीच्या पद्धतीनेच तपास, फक्त फिल्टर लावून. आणि काढलेले पहिले दोन-तीन फोटो मला पाठव, खराब असतील तरी पाठव.

प्रश्न : नेरूळहून लिहितोय, वय ७१. फिल्मच्या काळातली निकॉनची २४ आणि २८ मिलिमीटरची मॅन्युअल लेन्स कपाटात आहेत, दोन्हीवर अंतराच्या आकड्यांपाशी एक छोटा ठिपका आहे. कोणीतरी सांगितलं तो इन्फ्रारेडसाठी असतो. मुलाने फुलफ्रेम मिररलेस कन्व्हर्ट करून दिलाय. नवीन वाइड घ्यावी की ही वापरावी?

काका, नवीन काही घेऊ नका. ॲडाप्टर घ्या आणि हीच लावा.

तो ठिपका इन्फ्रारेडचाच. इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा जरा वेगळ्या जागी पडतो म्हणून त्या काळी लेन्सवर ती खूण करून देत. आधी नेहमीसारखा फोकस करायचा, मधल्या रेघेसमोर किती अंतर आलंय ते बघायचं, आणि मग तोच आकडा फिरवून ठिपक्यासमोर आणायचा. कोडॅकची एचआयई फिल्म वापरणाऱ्यांचा हा रोजचा हात होता, ती फिल्म २००७ मधे बंद झाली. तुम्हाला मात्र एवढं करायची गरज नाही, तुमच्या मिररलेसला स्क्रीनवर दिसतंय तेच इन्फ्रारेड आहे, तिथे मोठं करून फोकस केलात की झालं. ठिपका फक्त अंदाजाला ठेवा, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे स्क्रीन दिसत नाही तेव्हा तो फार कामाला येतो.

जुन्या लेन्समधे काचा कमी असतात आणि ते बऱ्याचदा फायद्याचं ठरतं, तरी भिंतीची टेस्ट दोन्हींची करा. फुलफ्रेमवर (सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा) २४ म्हणजे खरी २४, पामबीचच्या बाजूच्या तलावांना आणि खारफुटीला एवढं वाइड पुष्कळ होतं. आणि लावण्याआधी लेन्समधून उजेडाकडे बघून आत बुरशीचे धागे नाहीत ना ते पाहा, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत कपाटातल्या लेन्सला बुरशी फार लवकर धरते आणि ती असेल तर इन्फ्रारेडमधे फोटो धुरकट येतो. असेल तर सफाई करून घ्या, कोरडा डबा आणि सिलिका जेल आणा.

प्रश्न : ऐरोली. वाइड घेतली, कॅमेरा कन्व्हर्टेड आहे, हॉटस्पॉट पण नाही. तरी माझे खाडीचे फोटो सपाट का येतात? अर्धा फोटो करडं आकाश, अर्धा करडं पाणी, मधे एक रेघ.

तुम्ही पाठवलेले चार फोटो बघितले. लेन्सची चूक नाही. तारखा बघितल्या तर दोन जुलैचे आहेत आणि दोन जानेवारीतल्या सकाळचे.

निळं आकाश इन्फ्रारेडमधे काळं येतं कारण हवेतले रेणू निळा प्रकाश भरपूर पसरवतात आणि इन्फ्रारेड फारच कमी. पण ढग आणि धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, ते इन्फ्रारेडलाही तितकंच पसरवतात. इन्फ्रारेड धुक्यातून आरपार बघतं असं बरेच जण सांगतात ते आपल्या इथल्या दमट धुक्याला लागू होत नाही, हलक्या कोरड्या धुरकट हवेत थोडा फायदा होतो इतकंच. जुलैत वर ढगांचं छप्पर आणि जानेवारीत सकाळी खाडीवर धुक्याची गोधडी, दोन्ही वेळा आकाश करडंच येणार. पाऊस संपल्यानंतरचे दिवस धरा, ऑक्टोबर, नोव्हेंबरचा पहिला भाग, हवा धुतलेली, झाडं भरगच्च, वर कापसासारखे ढगांचे पुंजके. दुपारी जा, सूर्य पाठीमागे किंवा बाजूला ठेवून.

दुसरं, वाइड लेन्स लांबचं सगळं बारीक करते. खाडीपलीकडची खारफुटी तुम्हाला डोळ्यांनी मोठी दिसते, फोटोत ती रेघ होते. म्हणून जवळ काहीतरी पाहिजे, अगदी जवळ, दोन-तीन फुटांवर. ओहोटीला चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं, एखादी ओढून ठेवलेली होडी, जेट्टीच्या पायऱ्या. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, चिखल इन्फ्रारेडमधे काळसर येतो आणि तिवराची पानं पांढरी, त्या दोघांमधेच फोटो होतो. पानं पांढरी होण्याचं कारण माहीत असलं की जागा शोधणं सोपं जातं. हरितद्रव्य दिसणारा प्रकाश खातं पण इन्फ्रारेडला अडवत नाही, पानाच्या आतल्या पोकळ्यांवरून तो उसळून बाहेर येतो, म्हणजे पान जितकं ताजं आणि ऊन जितकं थेट तितकं ते पांढरं. सावलीतलं झाड करडंच राहणार. याला वुड इफेक्ट म्हणतात, लाकडाशी त्याचा संबंध नाही, रॉबर्ट वुड नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० मधे असे फोटो पहिल्यांदा प्रसिद्ध केले त्याचं नाव आहे ते.

प्रश्न : घोडबंदर रोड. कोकणच्या ट्रिपचे दोनशे फोटो हॉटस्पॉटसकट आलेत. टाकून द्यायचे का?

अजिबात नाही. लाइटरूम या सॉफ्टवेअरमधे मधोमध एक रेडियल मास्क (फक्त त्या गोलापुरता बदल करणारा) टाका, कडा पूर्ण मऊ, एक्सपोजर थोडं खाली आणि कॉन्ट्रास्ट थोडा वर. एका अपर्चरला एका झूमवर काढलेल्या सगळ्या फोटोंना तोच मास्क चालतो त्यामुळे दोनशे फोटोंना दोनशे वेळा बसावं लागणार नाही, अपर्चरप्रमाणे गट करा. ब्लॅक अँड व्हाइट केलेत तर बहुतेक वाचतील. रंगीत ठेवायचे असतील तर अवघड आहे, कारण डाग नुसता उजळ नसतो, त्याचा रंगही वेगळा असतो, लाल-निळ्या चॅनलची अदलाबदल केल्यावर निळ्या आकाशात तो गुलाबीसर नाहीतर पिवळट दिसतो. पुढच्या ट्रिपला त्याच लेन्सने जाणार असाल तर एफ/५.६ ला थांबा आणि मोकळं पाणी किंवा मोकळं आकाश मध्यभागी येऊ देऊ नका, तिथे झाड येऊ द्या, पानांच्या गर्दीत डाग विरतो.

प्रश्न : वर्तकनगर, ठाणे. माझ्या नवऱ्याकडे तो काळा ७२० चा फिल्टर आहे. मुलगा ११ वर्षांचा आहे, तो फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडे बघतो, म्हणतो आई काही होत नाही, सगळं काळं दिसतं. चालेल का?

नाही. वाचताक्षणी फिल्टर त्याच्या हातातून काढून घ्या आणि कुलपात ठेवा.

तो फिल्टर काळा दिसतो कारण दिसणारा प्रकाश तो अडवतो. इन्फ्रारेड तो जवळजवळ सगळा आत सोडतो, त्याचं कामच ते आहे. अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, डोळे मिटावेसे वाटत नाहीत, आणि सूर्याची उष्णता डोळ्यातल्या पडद्यावर एका बिंदूत गोळा होते. दुखत नाही म्हणून कळत नाही. मुलाला आत्तापर्यंत मधेच काळा किंवा पुसट ठिपका दिसतोय का, वाचताना ओळीतली अक्षरं वाकडी दिसताहेत का हे विचारा, आणि तो नाही म्हणाला तरी या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या, त्यांना नेमकं काय झालं ते सांगा. तुमच्या यजमानांनाही सांगा, डीएसएलआर असेल तर फिल्टर लावून व्ह्यूफाइंडरमधून सूर्य शोधायचा नाही, सूर्य फ्रेममधे घ्यायचाच असेल तर स्क्रीनवर बघून. मुलाला सूर्य बघायची एवढी ओढ आहे तर आयएसओ १२३१२-२ लिहिलेला ग्रहणाचा चष्मा चांगल्या ठिकाणाहून आणून द्या, त्यावर ओरखडा किंवा भोक नाही ना ते तपासा, आणि बघताना तुम्ही शेजारी उभ्या राहा.